तिथीची पाऊणपट, अधिक एक

आमच्या मराठी मंडळाच्या कुठल्याही जेवणात कुणीतरी काकांना तो प्रश्न विचारायचंच. मासे खात नाही, तर पकडता कशाला? काका दर वेळी वेगळं उत्तर द्यायचे. हृदयविकाराच्या एका डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही रोज सहा-सहा हार्ट बघता, ती काय खायला?" सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना म्हणाले की माशाची आणि माझी ओळख आहे, जेवणखाणाचे संबंध नाहीत. लहान मुलांना मात्र ते खरं सांगत असावेत. हॅलो म्हणायला पकडतो, म्हणायचे. मुलं विचारायची, "देन व्हॉट, काका?" काका म्हणायचे, "देन बाय."

मी त्यांच्या घरात पावणेदोन वर्षं भाड्याने राहिले. न्यू जर्सीतलं नदीकाठचं लहान गाव, तिथून बसने पंचवीस मिनिटांवर माझं विद्यापीठ. चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये दोन सुटकेसा घेऊन मी त्यांच्या दारात उतरले. काका पुलांची ड्रॉइंग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते, काकू हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. मुलगा नोकरीसाठी पार पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला गेला होता, त्याची वरची खोली मला मिळाली. पहिल्या संध्याकाळी काकूंनी नवऱ्याची ओळख करून दिली ती अशी: "मी माणसांना झोपवते, हे माशांना उठवतात. बाकी घर साधं आहे."

मासा एकच, स्ट्राइप्ड बास. चंदेरी अंग आणि त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, पट्टीने आखल्यासारख्या. काका त्याला पट्टेवाला म्हणत. हा समुद्रातला मासा भरतीबरोबर नदीत शिरतो आणि ओहोटीबरोबर परततो. नदीत मोठे साहेब कोण आले आहेत ते आधी पट्टेवाल्याला विचारावं लागतं, असं काका म्हणायचे. त्याला पकडायचं ते फ्लायने. फ्लाय म्हणजे माशी, पण काकांच्या माशीत माशीसारखं काही नव्हतं. हरणाच्या शेपटीचे पांढरे केस आणि कोंबड्याची पिसं गळाला बांधून केलेला तो बोटभर लांबीचा खोटा मासा. त्याला वजन नसतंच. वजन दोरीत असतं. म्हणून काठी मागे-पुढे हलवून दोरीला हवेत लांब करत न्यावं लागतं आणि मग पाण्यावर अलगद ठेवावं लागतं. काका ते करत असताना त्यांचा खांदा हललेला दिसायचा नाही.

हे खोटे मासे ते रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बांधत. बांधायला दोरा कुठला, तर जानव्याचा. गावाकडचा भाऊ दरवर्षी श्रावणात पाकिटातून जानव्याची जोडी पाठवायचा. काकांनी जानवं अमेरिकेला यायच्या आधीच सोडलं होतं, पण ते भावाला कळवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. सूत उत्तम असतं म्हणायचे, मेण छान धरतं. मी ज्या घरात वाढले तिथे ही गोष्ट ऐकून टाळ्या पडल्या असत्या. मला काका आवडायला लागले ते त्या दोऱ्यामुळे. पुढे राग आला तो त्यामुळेच जास्त आला.

स्वयंपाकघरात गावाहून आलेलं तिथीवार कॅलेंडर टांगलेलं होतं. घरात देव नव्हते, उपास नव्हते, पण काका रोज सकाळी चहाआधी तिथी बघत. त्यांचं लहानपण देवगडच्या बाजूला खाडीकाठी गेलं. तिथले होडीवाले घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगत: पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास, आणि पुढे जी तिथी असेल तिची पाऊणपट मिळवायची. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. अष्टमीला सहाला. इथल्या बेटच्या दुकानात, म्हणजे जिथे मासेमारीची आमिषं आणि गळ मिळतात तिथे, भरतीचं छापील पुस्तक फुकट मिळायचं. काका ते घ्यायचे नाहीत. ते पुस्तक समुद्राच्या तोंडाचं, आपण नऊ मैल आत. त्यांनी धक्क्याजवळ एक खुंट ठोकून वर्षभर खुणा केल्या होत्या आणि शोधून काढलं होतं की आपल्याकडे बाराच्या जागी साडेदहा धरायचे. तिथीची पाऊणपट, अधिक साडेदहा, अधिक एक. हे सूत्र मी आल्याच्या पहिल्या आठवड्यात पाठ केलं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील इचलकरंजीला शाळामास्तर, आणि शाळा सुटल्यावर यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहिणारे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. पत्रकात तीन गोष्टी लागतात, असं वडील सांगायचे: अन्याय कोणता, करणारा कोण आणि सभा किती वाजता. बाकी सगळं साहित्य. हे डोक्यात घेऊन मी अमेरिकेत आले आणि माझ्या समोर एक सुशिक्षित, सुस्वभावी मराठी माणूस दर शनिवार-रविवार जिवंत प्राण्याच्या ओठात लोखंड घालून त्याला अर्धा तास ओढत होता, आणि मग सोडून देत होता. भूक असती तर मी समजून घेतलं असतं. धंदा असता तरी घेतलं असतं. करमणुकीला माझ्याकडे माफी नव्हती.

त्यातून तो मासा संपत चालला होता. धक्क्यावर सगळे तेच बोलत. पूर्वी एका संध्याकाळी पाच-सहा लागायचे तिथे आता महिन्यात एक नाही. बेटच्या दुकानाचा मालक एड म्हणे जाळीवाल्यांनी संपवला, जाळीवाले म्हणत कारखान्यांनी. काका एडच्या दुकानात बसून ऐकत. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला नेहमीच्या माणसाचा कॉफीचा मग. एक मग काकांचा. त्या गावात बारा वर्षं राहून त्यांना मिळालेली ती एकच जागा होती, आणि तिचा त्यांना केवढा अभिमान होता हे मला उशिरा कळलं.

त्या ऑक्टोबरात मी ठरवलं की या विषयावर लिहायचं, आणि लिहायचं तर डोळ्यांनी बघून. काकांना न सांगता जायचं होतं. रविवार होता, चतुर्थी. मी हिशेब केला: तीन, अधिक साडेदहा, अधिक एक. भरती दुपारी अडीचला, म्हणजे त्याआधीची ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास पूर्ण होणार. ओहोटीत नदीच्या मधोमध वाळूचं एक बेट उघडं पडतं आणि तिथे घोट्याएवढ्या पाण्यातून जाता येतं. मी पावणेआठला तिथे पोचले. पाणी घोट्याच्या थोडं वर होतं. अजून अर्धा तास उतरणार, म्हणून मी निश्चिंत होते.

काका खालच्या अंगाला काठालगत कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पाठ माझ्याकडे, आणि काठी अर्धगोल वाकलेली. इतकी वाकलेली मी कधी पाहिली नव्हती. एकदा पाणी फुटलं आणि माझ्या हाताएवढी रुंद शेपटी दिसली. मी वहीत लिहीत होते. छळ हा शब्द मी दोन वेळा लिहिला आणि दोन्ही वेळा अधोरेखित केला. मग बुटात पाणी शिरलं. मी एक पाऊल मागे सरले. पुन्हा शिरलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं ते पाणी चुकतंय, मी नाही. मागे वळून पाहिलं तर ज्या वाटेने आले ती वाट नव्हती. तिथे रुंद, करडी नदी वाहत होती, आणि मला पोहता येत नव्हतं.

मी हाक मारली. काकांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग छातीवरच्या खिशातून कात्री काढली आणि दोरी कापली. घाई नाही, काही नाही. काठी काठावर टाकून कमरेला अडकवलेल्या सोट्याने तळ चाचपत ते माझ्यापर्यंत आले.

"माझा पट्टा धर. पाय उचलायचा नाही, सरकवायचा."

पाणी माझ्या छातीपर्यंत आलं आणि मग पुन्हा कमी झालं. काठावर बसल्यावर माझे दात वाजत होते. काकांनी आपलं जॅकेट माझ्यावर टाकलं आणि विचारलं, "ओहोटी किती वाजता धरली होतीस?"

"सव्वाआठ."

ते क्षणभर बोटांवर मोजत राहिले. "एक मिळवलास."

"सूत्रात आहे, काका."

"तो एक उन्हाळ्यापुरता. इथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात ना, त्याचा. काल रात्री मागे केलं. तू पण केलंस, मी बघितलं. चंद्राला कुणी कळवलेलं नव्हतं."

आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला का विचारायचं असं शिकवलेली मुलगी मी. साडेदहा कुठून आले ते विचारलं होतं, पाऊणपट का ते विचारलं होतं. तो एक कसला, हे मात्र विचारलं नव्हतं. पाठ केला होता.

काका पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "तोंडात राहिला."

"काय?"

"गळ. मादी होती. एवढा मोठा मासा मादीच असतो. वीस वर्षांची तरी असेल." रात्री जेवताना काकूंनी विचारलं की आज एवढे गप्प का, तर म्हणाले, दोरी गेली.

माझा जीव वाचवला म्हणून मी लेख लिहायचं सोडावं का, हा प्रश्न मला पडला. वडिलांना पत्र टाकून विचारलं असतं तर उत्तर ठाऊक होतं: उपकार आणि मत यांची गल्लत करायची नाही. मी लिहिला. मंडळाचा संक्रांतीचा अंक तेव्हा हाताने लिहून फोटोकॉपी करून निघायचा आणि त्या वर्षी संपादक मीच होते. लेखाचं नाव 'सुशिक्षितांची शिकार'. त्यात कुणाचं नाव नव्हतं, पण जानव्याच्या दोऱ्याने गळ बांधणारे गृहस्थ आमच्या मंडळात किती असणार? वाळूच्या बेटाचा त्यात उल्लेख नव्हता. तो विषयाशी संबंधित नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

एक गोष्ट मी विसरले होते. मोठा स्टेपलर काकांकडे होता, त्यामुळे अंकाच्या दीडशे प्रती दरवर्षी त्यांच्याच टेबलावर शिवल्या जात, आणि शिवायचे काका. त्या शनिवारी मी पानं लावून देत होते आणि ते टाचत होते. दहाव्या की बाराव्या प्रतीला त्यांचा हात थांबला. त्यांनी लेख वाचला. सावकाश, ड्रॉइंग तपासतात तसा. मग म्हणाले, "संपादकबाई, इथे एक चूक आहे."

मी भांडायच्या तयारीने वर पाहिलं.

"तू लिहिलंयस, सोडलेला मासा पोहून जातो म्हणून या गृहस्थांचं मन शांत राहतं. पोहून जातो म्हणजे जगतो असं नाही. पुढे जाऊन मेला तर आपल्याला दिसत नाही. ते घाल."

"प्रती झाल्यात, काका."

त्यांनी खिशातलं ड्रॉइंगचं पेन काढलं आणि त्या पानाच्या तळाशी आपल्या रेखीव अक्षरात लिहिलं: 'पोहून गेलेला मासा जगला असे समजू नये.' मग पुढची प्रत घेतली. दीडशेच्या दीडशे प्रतींवर त्यांनी ती ओळ लिहिली. काकू ड्यूटीवरून आल्या, उभ्या उभ्या लेख वाचला, आणि मला म्हणाल्या, "बरं लिहिलंयस. खोली सोडणार आहेस का?"

"तुम्ही सांगितलंत तर."

"मी नाही सांगत. भात लाव."

संक्रांतीच्या कार्यक्रमात लोक तिळगूळ देताना काकांच्या डोळ्यांत बघायचं टाळत होते. त्या हृदयविकाराच्या डॉक्टरांनी मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, घरात राहून घरच्या माणसावरच लिहायचं म्हणजे कमाल आहे. काका म्हणाले, "घरातून जवळून दिसतं, डॉक्टर."

फेब्रुवारीत राज्याच्या मत्स्यखात्याने जाहीर सुनावणी ठेवली. पट्टेवाल्याची मासेमारी काही वर्षं बंद करावी का, यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. एडने काकांना गळ घातली की तू शिकलेला आहेस, आपल्यातर्फे तू बोल. आपलं म्हणजे काठीवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: जाळी बंद करा, आम्हाला सोडा, आम्ही पकडलेला परत सोडतो, आमच्यामुळे कुणी मरत नाही. काका हो म्हणाले. बंदी आली तर त्यांचं काय जाणार होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीत त्यांना बढती मिळाली नव्हती, मुलगा फोनवर इंग्रजीत चार वाक्यं बोलायचा, आणि आठवड्यातले उरलेले दिवस ते शनिवारच्या तिथीकडे बघत काढायचे.

सुनावणी शाळेच्या जिममध्ये होती. काकू आणि मी शेवटच्या रांगेत घडीच्या खुर्च्यांवर. प्रत्येकाला तीन मिनिटं. काका सूट-टाय घालून माइकसमोर गेले, खिशातून दोन कागद काढले आणि वाचायला लागले. चौथ्या वाक्याला मला घाम फुटला. तो माझा लेख होता. त्यांनी त्याचं इंग्रजी केलं होतं, शब्दाला शब्द लावून, माझी सगळी आग तशीच ठेवून. ओठात लोखंड, अर्ध्या तासाची करमणूक, शांत झोपणारे गृहस्थ, सगळं. लोक आधी हसले, मग कुजबुजले. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी केली.

"हे माझ्याविरुद्ध लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "यातली एकही ओळ मला खोडता आलेली नाही. बारा वर्षं मी सांगत आलो की मी सोडलेला मासा जगतो. गेल्या ऑक्टोबरात काही कारणाने मला दोरी कापावी लागली. तो मासा माझा गळ तोंडात घेऊन गेला. तो जगला का, मला माहीत नाही. आधीचे जगले का, तेही मला कधी माहीत नव्हतं. नदी बंद करा. सगळ्यांना. मला धरून."

मागून कुणीतरी ओरडलं की तुझ्या देशात जाऊन मासे पकड. एड ओरडला नाही. तो मांडीवरच्या टोपीकडे बघत बसला होता.

गाडीत मी मागच्या सीटवर होते. मला माझा लेख आठवत होता. मी जाळीवाल्यांवर लिहिलं नव्हतं, कारखान्यांवर लिहिलं नव्हतं. जो माझ्यासाठी जेवताना ताट घ्यायचा त्याच्यावर लिहिलं होतं, कारण तो हाताशी होता. पत्रकाला शत्रू एकच लागतो, आणि सोपा लागतो. मी म्हटलं, "काका, दोरी का कापली ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"तीन मिनिटंच होती," काका म्हणाले.

पुढच्या शनिवारी एडने काकांचा मग कागदी पिशवीत घालून काउंटरवर ठेवला. काकांनी तो घरी आणला, धुतला आणि त्यात कोंबड्याची पिसं ठेवली. निर्णय काही त्या सुनावणीत झाला नाही, सरकारला वेळ लागतो. काकांनी वाट बघितली नाही. काठी त्यांनी तळघरात टांगली आणि मार्चभर रविवारी दुपारी ते टेबलाशी रिकाम्या हाताने बसून राहिले. काकू मला हळूच म्हणाल्या, पेशंट शुद्धीवर येत नाहीये.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली. मी चहा करत होते. काका कॅलेंडरासमोर उभे राहिले, तिथी बघितली आणि माझ्याकडे वळले. "सांग."

"अष्टमी. सहा, अधिक साडेदहा, म्हणजे साडेचार. अधिक एक." मी म्हटलं, "भरती साडेपाचला. आणि आजपासून एक मिळवायचा."

"चल मग."

त्यांनी काठी उतरवली. माझ्या चेहऱ्यावर प्रश्न असणार. धक्क्यावर पोचल्यावर त्यांनी खोक्यातून एक खोटा मासा काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरे केस, जानव्याचा दोरा, सगळं नेहमीचं. फक्त गळाचं वळण पकडीने कापून टाकलेलं होतं. राहिली होती ती सरळ, बोथट तार.

धक्क्यावरची माणसं आमच्यापासून दूर सरकून उभी होती. काका पाण्यात उतरले. मी काठावरच्या दगडावर बसले, वही न घेता. त्यांनी दोरी हवेत लांब केली, पाण्यावर ठेवली, ओढून घेतली, पुन्हा ठेवली. तासभर काही झालं नाही. पाणी चढत चढत त्यांच्या खुंटावरच्या वरच्या खुणेला लागलं आणि थांबलं. काकांनी मला हाताने गप्प राहायची खूण केली, मी बोलत नसतानाही. पाणी वळताना ते कुणालाच बोलू द्यायचे नाहीत.

मग काठी वाकली. काकांनी ओढलं नाही. एक, दोन, तीन, मी मोजत होते. पाचपर्यंत ती वाकलेली राहिली, आणि मग सरळ झाली.

काकांनी दोरी गोळा केली, तो खोटा मासा हातात धरून बघितला. पिसं ओली होती, चपटी झाली होती. ते पाण्यातून चालत माझ्यापर्यंत आले. इतका वेळ त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आज सोडलं त्यानेच," ते म्हणाले.

पाच वर्षं झाली. काका अजून जातात, असं काकूंच्या पत्रात असतं. गळ तसाच, वळण कापलेला. माझा लेख मी नंतर कुठेही पुन्हा छापला नाही. त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही, पण त्यात एक ओळ कमी होती. काकांनी दीडशे प्रतींवर आपल्या हाताने एक ओळ लिहिली. माझी ओळ लिहायची राहिली होती. ती अशी: त्या रविवारी दोरी कापावी लागली, कारण वाळूच्या बेटावर मी उभी होते.